चढती बाजू : शून्य

वाहनगणतीच्या रात्रपाळीचा तक्ता हातात आला की मी आधी बेरीज बघत नाही. रेघा बघतो. खरोखर मोजलेल्या पोराच्या रेघा वाकड्यातिकड्या असतात. चार उभ्या, पाचवी तिरकी, मधेच पेन चाललं नाही म्हणून दोनदा गिरवलेली, कोपऱ्यात चहाचा डाग. घरी बसून भरलेल्या तक्त्यात रेघा शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या असतात. आकडेही गुळगुळीत. 8, 9, 8, 7, 9. पहाटे तीनला कुठलाच रस्ता असा शहाण्यासारखा वागत नाही. खोटा तक्ता मला वासावरनं कळतो, असं मी ऑफिसात चारचौघांत सांगायचो. हल्ली सांगत नाही.

मी वाहनगणतीची कामं बघतो. कोल्हापुरातल्या एका छोट्या कन्सल्टन्सीत आहे. रस्ता रुंद करायचा, नवा थर टाकायचा, पूल करायचा, काहीही करायचं असलं तरी आधी त्या रस्त्यावरनं जातंय काय आणि किती, ते मोजावं लागतं. सलग सात दिवस, चोवीस तास, दोन्ही बाजू वेगळ्या, दर पंधरा मिनिटांचा हिशेब वेगळा. पाळ्या तीन : सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. आता बऱ्याच ठिकाणी कॅमेरे लावतात आणि पोरं ऑफिसात पंख्याखाली बसून मोजतात. ही गोष्ट कॅमेरे आमच्या साहेबांना परवडायच्या आधीची आहे.

रस्ता देवगड-निपाणी राज्यमार्ग. नावातलं एक टोक समुद्रावर, दुसरं कर्नाटकात. आमच्याकडं त्याचे दोन टप्पे होते. पहिला मुरगूडकडून मुदाळ तिट्ट्यावरून राधानगरीपर्यंत, म्हणजे ऊसपट्टा. दुसरा राधानगरीपासून धरणाच्या पाण्याच्या कडेनं दाजीपूर आणि पुढं फोंडा घाट. नकाशावर सलग एक रेघ. पण राधानगरीत कोल्हापूरचा रस्ता येऊन मिळतो आणि तिथं रहदारीची जातच बदलते. लोकांना वाटतं रस्ता एक म्हणजे आकडा एक. पहिल्या टप्प्यावरच्या निम्म्या गाड्यांना घाटाशी देणंघेणं नसतं. त्या शेतातनं निघतात आणि कारखान्यात संपतात. घाटातल्या गाड्या थोड्या, पण त्यातली जवळपास प्रत्येक लांबची. पहिल्या टप्प्यावर मोजणाऱ्याला मान वर करायला उसंत नसते. दुसऱ्यावर वाट बघावी लागते.

पहिल्या टप्प्याबद्दल थोडं बोलूनच घेतो, कारण तो माझा जुना राग आहे. मोजलेल्या गाड्या तशाच्या तशा बेरजेला घेत नाहीत, सगळ्यांना मोटारीच्या मापात बसवतात. त्याला पीसीयू म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसची 64 नंबरची संहिता आहे, 1990 सालची. तिच्यात मोटार 1, मोटरसायकल अर्धी, ट्रक किंवा बस 3, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. बैलगाडी 8. ऐकून लोक हसतात, पण चढाला लागलेल्या उसाच्या बैलगाडीमागं ज्यानं पाव तास काढलाय तो हसत नाही. आता अडचण अशी की हंगामात आमच्याकडं ट्रॅक्टरला एक ट्रॉली नसतेच. दोन असतात. वर टेप लावलेला, मागं दिवा नाही, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी साईडपट्टीपर्यंत आलेले. त्याचेही साडेचारच? आणि अंगद? छोट्या ट्रॅक्टरला बैलगाडीसारखी गाडी जोडून ऊस ओढतात, त्याला इकडं अंगद म्हणतात. तो कुठल्या रकान्यात घालायचा? बैल नाहीत म्हणून बैलगाडी नाही, आणि ट्रॉली म्हणावी तर ट्रॉलीच्या निम्मी. मी पोरांना सांगितलं होतं, दोन ट्रॉल्या असल्या की शेजारी बारीक ‘ड’ लिहा, अंगदला ‘अं’. सात दिवसांचे ते ‘ड’ आणि ‘अं’ मी रात्री बसून वेगळे मोजले, त्याचं एक पान केलं. साहेबांनी ते पान फाईलमधनं काढून टाकलं. ‘‘छापील फॉर्मात नाही ते पाठवायचं नाही. उद्या कोणीतरी विचारलं अंगद म्हणजे काय, तर कोण सांगत बसणार?’’ म्हणजे ज्या गाड्यांमुळं तो रस्ता तुंबतो, त्याच कागदावर येत नाहीत. सपाटीवरच्या दुपदरी रस्त्याला दिवसाला 15,000 पीसीयू झेपतात असं संहिता म्हणते. उसाच्या पट्ट्यात काही वेळा ते मोजायची गरज नसते, मोटरसायकलवरनं एकदा जाऊन आलं तरी पुरे.

तारखा ठरवणं हे आणखी एक. जत्रा, प्रदर्शन असल्या दिवसांत गणती करू नये, असं रोड्स काँग्रेसच्याच वाहनगणतीच्या 1972 च्या संहितेत चक्क लिहून ठेवलंय. मुदाळ तिट्ट्याजवळ आदमापूर आहे, बाळूमामांचं. अमावस्येला तिथं इतक्या गाड्या येतात, की त्या आठवड्यात गणती घेतली तर तो राज्यमार्ग आठ पदरी करा असा अहवाल जाईल. म्हणून आधी कालनिर्णय, मग बाकी सगळं. त्या वर्षी अमावस्या चुकवून, संक्रांत संपल्यावर लगेच सुरू करायचं ठरलं. नेमका तेव्हा कोकणात उतरणारा दुसरा, गगनबावड्याकडचा करूळ घाट अवजड गाड्यांना बंद होता. दरड, खचलेली भिंत, दुरुस्ती, काही ना काही कारणानं तो घाट बंद होत आलाय. जानेवारी 2024 मध्ये तर रुंदीकरणासाठी तो सगळ्याच गाड्यांना बंद केला. करूळ बंद झाला की गगनबावड्याकडनं खाली उतरणारे ट्रक-ट्रेलर फोंड्याच्या वाटेला लागतात. मी साहेबांना म्हटलं, आपल्या दुसऱ्या टप्प्याची रहदारी सध्या आपली नाहीच, उसनी आहे. जत्रेला थांबतो तर याला का थांबू नये? साहेब म्हणाले, ‘‘बिल मार्चच्या आत निघायला हवं.’’ संहितेत मार्चबद्दल काही लिहिलेलं नाही.

दुसऱ्या टप्प्याची जागा मी दाजीपूरच्या अलीकडं धरली. वळणावर नको, फाट्याजवळ नको, हॉटेलसमोर नको, कारण तिथं गाड्या थांबतात, फिरतात, पुन्हा मोजल्या जातात. सरळ तुकडा, कडेला बसायला थोडी सपाटी. अभयारण्याचा भाग, म्हणून शेकोटी करायची नाही. मोबाईलला रेंज नाही. रात्री गवे येतात. त्यांच्यासाठी फॉर्मात रकाना नाही, असं मी पोरांना सांगायचो आणि तेही दरवेळी नव्यानं ऐकल्यासारखं हसायचे. कोल्हापूरची पोरं तिथं रात्री टिकत नाहीत, म्हणून रात्रपाळीला जवळच्या धनगरवाड्यावरचे दोन चुलतभाऊ घेतले. एक चढती बाजू मोजणार, म्हणजे फोंड्याकडनं वर येणाऱ्या गाड्या. दुसरा उतरती. रात्रीचे सहाशे रुपये. चढतीवाला बारावी झालेला, कमी बोलणारा, अक्षर किडामुंगी.

पाच रात्री सुरळीत गेल्या. सहावी शनिवारची.

रविवारी पहाटे मी राधानगरीच्या लॉजवरनं मोटरसायकलवर निघालो. सहाला पाळी बदलते, त्याआधी पोचायचं म्हणून पाचच्या सुमाराला. पाण्याच्या कडेच्या वळणांवर समोरनं ट्रकच ट्रक. एकामागं एक, दिवे डोळ्यांत, मधेमधे पिकअप अडकलेल्या, त्या हॉर्न देताहेत. दोनदा मला साईडपट्टीवर उतरावं लागलं. मी शिव्या घातल्या आणि पुढं गेलो. मागनं आठवताना हे सगळं इतकं स्पष्ट दिसतं, की मी त्या वेळी नेमका काय बघत होतो तेच मला कळत नाही.

पोचलो. तक्ते घेतले. उतरती बाजू व्यवस्थित : बारा ते एक 14, मग 11, 9, 10. चढती बाजू : एक ते दोन शून्य. दोन ते तीन, एक मोटरसायकल. तीन ते चार शून्य. चार ते पाच, पुन्हा एक मोटरसायकल. आणि पाच ते सहा 43. रेघा एकमेकींवर चढलेल्या, तिरक्या रेघा पुढच्या रकान्यात घुसलेल्या. शेऱ्याच्या जागी दोन शब्द : ‘लाईन आली’.

मी म्हटलं, ‘‘हे काय आहे?’’

‘‘सर, वरच्या अंगाला एकबी गाडी आली न्हाई.’’

‘‘चार तास?’’

‘‘दोन मोटरसायकली आल्या. त्या लिवल्यात.’’

‘‘आणि पाचनंतर एकदम त्रेचाळीस?’’

‘‘लाईनच आली की सर.’’

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो. मासळीच्या पिकअप. देवगड-मालवणकडची मासळी रात्री निघते आणि तीन-चारच्या सुमाराला घाट चढून कोल्हापूरकडं जाते. आधीच्या पाचही रात्री त्या तासांत पिकअप होत्या, आणि रविवारसाठी तर जास्त असायला हव्यात. मासळीवाला एकवेळ देवाला चुकेल, पण बाजाराची वेळ चुकायचा नाही. म्हणजे गाड्या आल्या होत्या आणि हा झोपला होता. पाचला थंडीनं जाग आली, घाबरला, आणि राहिलेल्या सगळ्या गाड्या एका तासात कोंबल्या. ‘लाईन आली’ म्हणजे मोबाईलला रेंज आली असा अर्थ मी लावला. रात्रभर रेंज शोधत हिंडत असेल. सगळं कसं चपखल बसलं. मला त्या क्षणी मनातनं बरंच वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. वासावरनं कळतं म्हणतो ते उगीच नाही.

चुलतभाऊ म्हणाला, ‘‘खरंच काय आलं न्हाई सर, आमी दोघंबी जागं हुतो.’’ मी म्हटलं, तू भाऊबंद, तू दुसरं काय सांगणार. तो गप्प बसला. चढतीवाला मात्र एकदाच म्हणाला, ‘‘झोपलो असतो तर शून्य कशाला लिवलं असतं?’’ मला ते उद्धट वाटलं. त्या रात्रीचे पैसे कापले आणि सातव्या रात्रीला दुसरा माणूस बसवला. तोसुद्धा मीच, कारण रविवारी संध्याकाळी तिथं दुसरं कोण मिळणार?

सोमवारी ऑफिसात बसून मी तो तक्ता दुरुस्त केला. काही तास गळाले तर बाकीच्या रात्रींची त्याच तासांची सरासरी घालायची, अशी आमच्याकडं पद्धत आहे. खाली एक टीप द्यायची. टीप दिली की प्रश्न येतात, प्रश्न आले की बिल अडतं. साहेब म्हणाले टीप नको. मग मी नवा तक्ता लिहायला घेतला. सरासरी साडेसात येत होती, तिथं 6 लिहिले. पुढच्या तासाला 11. एका पंधरा मिनिटांत काहीच नाही, पुढच्यात एकदम पाच. मासळीच्या पिकअप तीन ते चारमध्ये ओळीनं. दोन पेनं वापरली. एका ठिकाणी रेघ मुद्दाम वाकडी काढली. गुळगुळीत आकडे कसे पकडतात हे ज्याला माहीत आहे, त्याच्याइतकी खरी दिसणारी खोटी गणती दुसरं कोण करणार? तासाभरात तक्ता तयार झाला. सात दिवसांतला तो सगळ्यात देखणा तक्ता होता.

अहवाल गेला, मंजूर झाला, बिलही निघालं असणार, कारण मार्चनंतर साहेबांनी गाडी बदलली.

मार्चातलाच एक रविवार. बाजारात मासे घ्यायला गेलो होतो. बांगडा शिळा वाटला म्हणून मी जरा नाक मुरडलं, तर मासेवाली मावशी म्हणाली, ‘‘हे काय शिळं म्हणताय दादा, शिळं बघायचं तर संक्रांतीनंतरच्या पयल्या रविवारी यायला पायजे हुतं. साडेनवाला गाडी आली. बर्फ सगळा पाणी. गिऱ्हाईक मटणाच्या लाईनीत जाऊन उभं ऱ्हायलं. घाटात कुठं ट्रेलर आडवा झालता, एक वाजल्यापास्नं पाचपातूर गाड्या अडकून पडल्या.’’

मी पिशवी तशीच धरून उभा राहिलो. तिनं दोनदा विचारलं, साफ करून देऊ काय.

घरी येऊन दाजीपूरच्या चहावाल्याला फोन लावला. आठवडाभर आमची पोरं त्याच्याकडनंच थर्मास भरून घ्यायची. ‘‘व्हय की,’’ म्हणाला, ‘‘घाटात वळणावर ट्रेलर आडवा. मोटरसायकली तेवढ्या कडंनं निघत हुत्या. खाली उतरणाऱ्या गाड्याबी जाऊन अडकल्याच की मागं. पाचच्या आत बाजूला घेतला.’’ मी म्हटलं, मला त्या सकाळी का नाही बोललात? ‘‘तुमी कुठं इचारलासा?’’

कपाटातनं जुना तक्ता काढला. तो फाडायचा राहिला होता, किंवा मी फाडला नव्हता. तो पुन्हा वाचला आणि लाज वाटली ती पोरापेक्षा धंद्याच्या बाजूनं आधी. कारण ही खूण कुठल्याही वाहतुकीच्या पुस्तकात सापडते. एका दिशेला रहदारी तुटते, नंतर साठलेली एकदम सुटते. शून्य, शून्य, शून्य, मग त्रेचाळीस. दुसऱ्या दिशेला मात्र गणतीच्या जागेपर्यंत सगळं नेहमीसारखं, कारण त्या गाड्या अडकतात त्या आमच्या पुढं जाऊन. दोन मोटरसायकली म्हणजे वाट पूर्ण बंद नाही, फक्त रुंद गाडीला बंद. चढावर अवजड ट्रक पुढं, म्हणून पिकअप मागं अडकलेल्या, आणि पोरानं तेही बरोबर टिपलं होतं. पहिल्या दोन पंधरा मिनिटांत ट्रकच्या रेघा दाट, पिकअप नंतर. झोपेतनं उठून घाबरून भरणाऱ्याला हा क्रम सुचत नाही. ‘लाईन आली’ हा शेरा तर असा, की मी शिकाऊ इंजिनिअरांना शिकवताना तोच उदाहरण म्हणून दिला असता. आणि ती लाईन मी स्वतः पाहिली होती. तिच्यातल्या गाड्यांनी मला दोनदा साईडपट्टीवर उतरवलं होतं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. चार तासांची एका बाजूची सरासरी आणि नंतरची लाईन, दोन्ही मांडलं. ‘‘बघ, जेवढ्या अडकल्या तेवढ्या नंतर आल्याच. तू अडकलेल्या वेळेला गाड्या घातल्यास, शेवटच्या तासातल्या काढल्यास. आठवड्याच्या सरासरीला फरक किती? काहीच नाही.’’ बरोबर होतं. मी घरी तोच हिशेब तीनदा केला होता. डोंगरातल्या दुपदरी रस्त्याला वळणं कमी असतील तर 7,000, जास्त असतील तर 5,000 धरतात; त्या आकड्यासमोर माझी लबाडी दिसतसुद्धा नाही. त्यापेक्षा करूळच्या उसन्या ट्रकांनी आठवडाभर केलेला घोळ कितीतरी मोठा, आणि तो तर सहीशिक्क्यानिशी गेलाय. पण त्या रस्त्यावर एक ट्रेलर आडवा झाला की चार तास सगळं थांबतं, ही त्या आठवड्यातली सगळ्यात कामाची माहिती होती. फॉर्मात ती दोन शब्दांत लिहिलेली होती आणि मी ती खोडून वर पिकअप काढल्या. हे साहेबांना सांगायला गेलो, पण त्यांचा फोन वाजला.

पोराला फोन लागायला आठवडा गेला; धनगरवाड्यावर रेंज नाही, त्यानं दिलेला नंबर मामाचा. शेवटी सापडला तो पहिल्या टप्प्यावर. मुरगूडकडं एकाच्या उसाच्या ट्रॅक्टरवर होता, हंगाम संपेपर्यंत. मी सगळं सांगितलं. मासेवाली, चहावाला, ट्रेलर. सहाशे रुपये पाठवतो म्हणालो, आणि माझं चुकलं असंही म्हणालो.

‘‘पैशाचं राहू द्या सर,’’ म्हणाला. मग थोडं थांबून, ‘‘मग आता कागदावर माझं धरलं काय?’’

‘‘नाही. तो अहवाल गेला केव्हाच.’’

‘‘त्यात काय हाय मग?’’

‘‘सरासरी.’’

‘‘म्हंजे त्या रात्री गाड्या आल्या असं हाय.’’

‘‘हो.’’

ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मागनं कोणीतरी त्याला हाक मारली. ‘‘बरं सर, ठेवू काय? दोन ट्रॉल्या हाईत, मागचा गडी वराडालाय,’’ म्हणाला आणि फोन ठेवला.

पैसे पाठवले. दोन दिवसांनी मामाच्या नंबरवरनं परत आले.